‘री’ नसलेलं कन्नड: भाषा शिकवणारं ॲप, सात महिन्यांनंतर

मागच्या महिन्यात खात्यातनं ८९९ रुपये परस्पर कापले गेले. सहामाही प्लॅन आपोआप रिन्यू झाला म्हणे. कस्टमर केअरला चार मेल टाकले, चारीला एकच उत्तर: ‘आपला शिकण्याचा प्रवास सुरू ठेवा!’ ठेवतो. पैसे घेतलेत, तर आता अनुभवही ऐका.

ॲपचं नाव लिहीत नाही, असली सगळी एकाच साच्यातली. रोजच्या बोलण्यातली वाक्यं, दिवसाला दहा मिनिटं, धडा चुकला की फोन रडायला लागतो. मी कन्नड घेतलं आणि तोंडी लावायला तमिळ. मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. १८९४ साली मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी इथं दवाखाना काढला, तेव्हापासून उत्तर कर्नाटकातल्या अथणी, रायबाग, जमखंडीकडचे कन्नड बोलणारे पेशंट मिरजेची वाट धरतात. त्यांना गोळ्या कधी घ्यायच्या हे आजवर मी स्ट्रिपवर पेनानं सूर्य-चंद्र काढून सांगत होतो.

पहिला महिना वाया. ‘तुप्पा’ म्हणजे तूप, हे शिकवायला तीन दिवस! मग ‘विमान निल्दाणा एल्लिदे?’, म्हणजे विमानतळ कुठं आहे. कवलापूरची रिकामी धावपट्टी बघत म्हातारा होत चाललेल्या सांगलीकराला हा प्रश्न मराठीतच पुरेसा झालाय.

खरी भानगड पुढं झाली. ॲपनं शिकवलेलं ‘बा’ म्हणजे ये आणि ‘कूत्को’ म्हणजे बस. पटका बांधलेले एक आजोबा मुलाबरोबर दुकानात आले. मी स्टूल पुढं सरकवून मोठ्या उत्साहात म्हणालो, “बा, कूत्को.” आजोबा बसले नाहीत. काठी टेकून मुलाकडं बघत राहिले. मुलगा मराठीत हळूच म्हणाला, “मामा, हे आम्ही बारक्या पोराला म्हणतो.” सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी ‘ये रे, बस’ केलं होतं. म्हणायला हवं होतं ‘बर्री, कुंदर्री’. तिकडं सगळी अब्रू त्या एका ‘री’त असते.

त्या दिवसापासून मी ॲपमध्ये ‘री’ शोधतोय. नाही म्हणजे नाही. बेंगळुरूकडचं अदबीचं ‘बन्नि’ आहे, पण तेही इतकं पुढच्या धड्यात की तोवर निम्मी गिऱ्हाइकं दुखवून झालेली असतात. सकाळ म्हणजे ‘बेळिग्गे’ शिकवलं, माझी माणसं ‘मुंजाने’ म्हणतात. जेवणानंतर म्हणजे ‘ऊटद नंतर’ शिकवलं, ते म्हणतात ‘ऊटा आद म्याले’. माझं त्यांना कळतं, पण बातम्या देणाऱ्याकडं बघावं तसं बघतात. सात वेळा फीडबॅक लिहिला. काही नाही.

तमिळचीही तीच गत. शेजारी विट्याकडचे एक गलाईवाले आहेत, वीस वर्षं तामिळनाडूत सोनं गाळून परत आलेले. त्यांना ऐटीत विचारलं, “साप्पिट्टिया?” ते म्हणाले, “जेवलास काय, म्हणताय मला? गिऱ्हाइकाला असं विचारलं असतं तर भट्टी विझली असती माझी. साप्पिट्टींगळा, म्हणा.” हा माणूस भट्टीपुढं बसून शिकला. खर्च शून्य.

इथवर लिहून एक स्टार देऊन मोकळा होणार होतो. पण मधे एक गोष्ट घडली, ती लपवणं बरं नाही. ॲपमध्ये कन्नड लिपीचा एक कोपरा आहे, मी तो टाइमपास म्हणून करत होतो. आपल्यासारखी शिरोरेषा नाही, बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर बरोबरची खूण असते. रात्री मिरज स्टँडवर औषधांची पिशवी घेतलेली एक बाई गाडीगाडीपुढं जाऊन विचारत होती. तिला वाचता येत नव्हतं. कर्नाटकच्या गाडीची पाटी फक्त कन्नडमध्ये. मी अक्षर अक्षर लावत वाचलं आणि म्हणालो, “अक्का, चिक्कोडी री.” ती चढली. पायरीवरनं वळून भरभर काहीतरी बोलली, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही.

म्हणून तीन स्टार. दोन त्या लिपीच्या कोपऱ्याचे, एक दयेपोटी. घेणार असाल तर आधी ऑटोपे बंद करा.

माझे पाच महिने अजून शिल्लक आहेत. पैसे वसूल व्हावेत म्हणून शटर ओढल्यावर बायकोलाही धड्याला बसवतो. तिनं दोन धड्यांत हात टेकले. पण तिकडच्या बायका नवऱ्याला नुसतं ‘री’ म्हणून हाक मारतात, हे तिनं बरोबर उचललंय. ॲपवर नाही, आमच्या काउंटरवर.