कंट्री-पॉप गायचंय? यामाहा एफ ३१० कोल्हापूरच्या हवेत कशी चालते

टेलर स्विफ्टचा पहिला अल्बम २००६ साली आला, तेव्हा ती १६ वर्षांची होती. हातात गिटार, मोजक्या सोप्या कॉर्ड्स, बोलल्यासारखा अंतरा आणि एकदम मोकळं होणारं ध्रुवपद. एवढ्या भांडवलावर तिनं अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराचा कंट्री, म्हणजे तिथल्या ग्रामीण लोकसंगीताचा बाज पॉप ऐकणाऱ्यांच्या घरात नेला. २०१० मध्ये तिच्या 'फियरलेस'ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. आज केल्सी बॅलेरिनी, मेगन मरोनी अशा गायिका त्याच वाटेवर आहेत. हा बाज गळ्यात बसवायला निघालेली कोल्हापुरातली मुलं-मुली गिटार घ्यायला गेली, की दहा-बारा हजारांत बहुतेक वेळा यामाहाची एफ ३१० समोर येते. या गाण्यासाठी ती जरूर घ्यावी, पण वर दीड-दोन हजार राखूनच.

घ्यावी ती तिच्या अंगामुळे. ही पूर्ण आकाराची ड्रेडनॉट, म्हणजे रुंद, मोठ्या पोटाची गिटार आहे. वरची फळी स्प्रूस लाकडाच्या प्लायची (थर चिकटवून केलेली), तारेची वाजती लांबी ६३४ मिमी, नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) ४३ मिमी रुंद. या मोठ्या पोटातून खर्ज भरीव येतो, आणि कंट्रीचा ठेका खर्जावरच उभा असतो. जी कॉर्ड धरा, आधी सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार एकटी, मग खालच्या तारांवर झटका, मग चौथी तार एकटी, पुन्हा झटका. सी कॉर्डला पाचवी आणि चौथी, डीला चौथी आणि पाचवी. अंतरा असा वाजवायचा आणि ध्रुवपदाला सरळ वर-खाली स्ट्रमिंगवर यायचं, की कंट्रीचं पॉप झालंच. साथीला तबला असेल तर केरवा ताल चपखल बसतो. या गिटारवर एकटी तार आणि झटका यांचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो. लहान पोटाच्या स्वस्त गिटारवर दोन्ही एकजीव होतात आणि ठेक्याचा जीव जातो.

आता वरच्या पैशांचं. ते सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची बसवून घेण्यासाठी, लागतात. नव्या गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सहाव्या तारेची उंची बऱ्याचदा ३ मिमीच्या आसपास असते. ती २.५ वर आणि पहिली तार २ वर आणून घ्यावी. सॅडल (पोटावरच्या ब्रिजमधली, तारा टेकणारी पट्टी) खालून १ मिमी घासला, की बाराव्या फ्रेटवर उंची निम्म्यानं, म्हणजे अर्धा मिमी उतरते. हे गणित ठाऊक नसलेला माणूस जास्त घासून बसतो आणि तारा खरखरायला लागतात. त्याआधी नट तपासा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली, तर पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर एफ कॉर्ड बोटं मोडते आणि सी कॉर्डमधली दुसरी तार चढी बोलते. आणखी सोपी खूण म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावताच गिटार एकदम हलकी आणि सुरेल वाटू लागली, तर दोष नटाच्या खाचांचा आहे.

कॅपोशिवाय हे गाणं होतच नाही, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी घ्या. आपल्याकडे गाणारा आपली पट्टी पेटीवरून सांगतो, म्हणून हिशोब तसाच लावलेला बरा. जीच्या आकारात पहिल्या फ्रेटवर कॅपो म्हणजे काळी चार, तिसऱ्यावर म्हणजे काळी पाच. सीच्या आकारात पहिल्यावर म्हणजे काळी एक. बोटं तीच, पट्टी गळ्याची. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे चिकटून लावा. मध्ये लावला तर तारा ताणल्या जाऊन चढतात. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण स्वरावर असेलच असं नाही, तेव्हा साथीला पेटी असेल तर ट्यूनर बाजूला ठेवून पेटीच्या स्वरावरच गिटार लावावी.

तारांचा १२–५३ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) संच नव्या बोटांना कडक जातो. ११–५२ चा फॉस्फर ब्राँझ संच घाला. आवाज किंचित कमी होतो, पण हळू गाणाऱ्या गळ्याला ते सोयीचंच आहे. मात्र ताण कमी झाल्यामुळे नेक (मान) थोडी मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर येऊ शकते. ती सरळ करायला नेकच्या आत असलेली सळई, म्हणजे ट्रस रॉड, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू देऊ नका.

कोल्हापूरचा पावसाळा हा या गिटारचा खरा इम्तिहान. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, फळी ओल धरून ब्रिजमागे फुगते आणि तारा उंचावतात. प्लायची फळी अखंड लाकडापेक्षा हे बरंच सोसते, आणि इथं राहणाऱ्यांसाठी तो मोठाच गुण आहे. तरीही जुलैत सॅडल घासून घेऊ नये. नोव्हेंबरात फळी खाली बसते आणि तीच गिटार खरखरू लागते. सेटअप दिवाळीनंतर करा. पावसाळ्यात गिटार बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, भिंतीला टांगू नका. मिरज जवळ आहे आणि तिथले सतार-तंबोऱ्याचे कारागीर लाकूड जाणतात, याबद्दल शंकाच नाही. पण जवारी काढणं (घोडी घासून तारांचा झंकार जुळवणं) आणि गिटारचा नट घासणं ही वेगळी कामं आहेत, तेव्हा गिटारचा हात असलेलाच माणूस शोधा.

हिच्यात पिकअप (तारांचा आवाज वायरीनं थेट अँपला देणारा भाग) नाही. शाहू स्मारकसारख्या सभागृहात किंवा तालीम मंडळाच्या स्टेजवर गायचं असेल, तर माईक बाराव्या फ्रेटसमोर २०–२५ सेंटिमीटरवर लावा. भोकासमोर लावला की नुसता घुमतो आणि शिट्टी मारतो. महिन्यातून अनेकदा स्टेजवर जाणाऱ्यानं सरळ पिकअपवालीच गिटार घ्यावी. दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही ही घेऊ नये. ११६ मिमीपर्यंत खोल पोटावरून उजवा हात नीट खाली येत नाही, खांदा उचलला जातो आणि गाताना श्वास अडतो. त्यांच्यासाठी ५४० मिमी तारेची यामाहाचीच लहान जेआर १ बरी.

दुकानात प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) ट्यूनरवर जुळतो का पाहा. मग जी कॉर्डवर खर्ज-झटका धरून स्वतः चार ओळी गा. स्वतःचे शब्द स्वतःला ऐकू येत नसतील, तर दुकानदाराला दुसरा नग काढायला सांगा.