बॅलरॅटचा सोन्याचा खडा आणि सराफ बाजारातली बसवणूक

मेलबर्नला असलेली मुलं हल्ली येताना बॅलरॅटकडचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या जुन्या सोन्याच्या गावाकडचा, नैसर्गिक सोन्याचा खडा आठवण म्हणून आणतात. नाशिकच्या सराफ बाजारात तो काट्यावर ठेवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मोडायचाय का?’ मोडायचाच असेल तर असला खडा घेऊ नये. घेताना सोन्याच्या भावापेक्षा जास्त पैसे जातात ते आकाराचे. मोडीत आकाराला शून्य किंमत, वर घट वेगळी.

समोरचा नग ३.१० ग्रॅमचा आहे. उंचवटे झिजून गोल झालेत, खाचांत तांबूस माती आणि एका बाजूला तांदळाच्या कणीएवढी गारगोटी. अस्सलपणाची खूण हीच. सोनं वितळवून पाण्यात ओतून केलेल्या नकली खड्याची कड धारदार असते, अंगावर बुडबुड्यांची भोकं दिसतात आणि खाचा स्वच्छ असतात. साच्यातला असेल तर दुकानदाराकडे हुबेहूब तसाच दुसरा सापडतो.

कस किती, हा खरा घोळ. बाजारातलं टंच काढायचं मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं, आणि नदीनाल्यातल्या सोन्याच्या वरच्या थरातली चांदी निघून गेलेली असते. त्यामुळे आकडा आतल्या कसापेक्षा चढा येतो. त्यापेक्षा पाण्यातलं वजन घ्या. हा खडा हवेत ३.१००, पाण्यात २.९२० ग्रॅम भरला, फरक ०.१८०. हवेतल्या वजनाला या फरकाने भागलं की घनता येते १७.२. उरलेली सगळी चांदी धरली तर साधारण ८५ टक्के सोनं, म्हणजे साडेवीस कॅरेटच्या आसपास. गारगोटी हलकी असते, त्यामुळे धातूचा कस याहून थोडा वरच असणार. काटा मात्र मिलीग्रॅमचा हवा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर एका घराचा फरक पडला तरी घनता १६.३ ते १८.२ अशी कुठेही जाते. पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर खाचांत हवा अडकून कस कमी दिसतो. हॉलमार्कचा आग्रह इथे कामाचा नाही. तो दागिन्याच्या ठरावीक, एकसारख्या कसावर मिळतो, आणि असा कस कच्च्या खड्याला नसतो. ‘हॉलमार्कचा नैसर्गिक खडा’ म्हणून कोणी विकत असेल तर शिक्का कोंदणावर आहे का, ते आधी बघा.

आता बसवणूक. सराफ बाजारातल्या कारागिराचा हात सुबक असतो, पण त्याची सवय गुळगुळीत दागिन्याची. मागे डाख देऊन कडी लावणं त्याला सर्वांत सोपं आणि खड्याला सर्वांत वाईट. डाख देताना लावलेला टाकणखार वितळून खाचांत काचेसारखा बसतो, डाख पसरून मागे सपाट चकाकता पट्टा येतो. शिवाय गारगोटी ५७३ अंशांना आतून बदलते, फुगते आणि तडकते. डाख लावायला त्याहून बरीच जास्त आच लागते. दुसरा मार्ग जाड भागातून ०.८ मिलिमीटरचं भोक पाडून कडी ओवायची. हे चालतं, फक्त भुकटी कागदावर धरून परत मागा. समोरच्या नगाला केलंय ते सर्वांत बरं: २२ कॅरेटच्या तारेचा पिंजरा, चार नख्या, आणि कडीचा डाख खडा बाहेर असतानाच दिलेला. एक नखी मात्र गारगोटीवर दाबली आहे, ती सोन्यावर हवी होती. गारगोटी निसटली की नखी सैल पडणार. मजुरी ग्रॅमवर न ठरवता नगावर ठरवा. आणि ‘उजाळा देऊ नका, तेजाबात घालू नका’ हे पावतीवरच लिहून घ्या. पॉलिशच्या बफाचा एक हात फिरला की झिजलेलं अंग गेलं, मग उरतो नुसता चकचकीत गोळा.

खड्याला जादा भाव का, ते खणणाऱ्याचं काम पाहिलं की कळतं. बॅलरॅट ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ हा दहा वर्षांचा परवाना काढून मेटल डिटेक्टर घेऊन फिरायचं, खणलेला खड्डा बुजवायचा, आणि हाती येतात ते बहुतेक जुने खिळे, शिसं, डब्यांचे तुकडे. ताटात वाळू धुणाऱ्याच्या वाट्याला बारीक पापुद्रेच जास्त येतात. म्हणूनच अंगठीत बसेल असा सबंध खडा महाग. आपल्याकडे याच जातीचं काम झारेकरी करतात: कारखान्याचा केर जाळायचा, चाळायचा, लोहचुंबक फिरवून लोखंड काढायचं, मग धुऊन जड कण वेगळे करायचे. ते सोनं दागिन्यांचंच, कस मिसळलेला, त्याला वितळवण्यावाचून गत्यंतर नाही. ‘गोदावरीच्या वाळूतलं नैसर्गिक सोनं’ म्हणून कोणी दाखवलं तर हात जोडा. नाशिकचा खडक बेसाल्ट, वाळूत काळी चुंबकी रेती भरपूर मिळेल, सोन्याचा खडा नाही.

काचेच्या कुपीत पाण्यासोबत सोन्याचे कण असलेलं लॉकेट याच दुकानांत मिळतं. ते शोभेपुरतं. हलवल्यावर कण झपकन तळाला बसले तर नदीचे. तरंगत, गिरक्या घेत राहिले तर वर्ख, नाहीतर पितळी पत्रा.

गळ्यात घालायचा खडा कोमट पाण्यात साबण आणि मऊ ब्रश, एवढ्यानेच धुवावा. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये गारगोटी सुटते. नख्या वर्षातून एकदा दाबून घ्या, लोकरी शालीत पहिली अडकते ती त्यातलीच एखादी.