सोडतीतली ‘खात्रीची’ निवड आणि माझे १,८२,५०० रुपये

म्हाडाच्या सोडतीत घर काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला मी दारातही उभे केले नसते. तरीही ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या सोडतीत ‘निवड पक्की’ असे सांगणाऱ्या माणसाला मी १,८२,५०० रुपये दिले, हे लिहिताना लाज वाटते.

हा व्हिसा भारतीयांसाठी १ ऑक्टोबर २०२४ रोजी खुला झाला. वयाची अट १८ ते ३०, वर्षाला जागा १,०००. मी नर्स असल्याने, शहरे बदलत एजन्सीमार्फत रुग्णालयांत पाळ्या करायच्या आणि उरलेल्या दिवसांत देश पाहायचा, असा माझा बेत होता. मी तीस वर्षांची होते, पुन्हा संधी नव्हती. घाई झाली ती त्यामुळेच.

त्याने आधी सोडतीच्या नोंदणीचे म्हणून ३५,००० घेतले. प्रत्यक्षात ते शुल्क २५ ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे सुमारे १,४०० रुपये होते आणि अर्ज स्वतःला घरबसल्या भरता येतो. मग ‘नर्सच्या कोट्या’चे ८५,०००, असा कोटाच नाही. शेवटी परिचारिका-नोंदणीच्या कागदपत्रांचे ६२,५००. ही नोंदणी ‘आप्रा’ या आरोग्य व्यावसायिकांची नोंदणी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या संस्थेकडे होते, तिच्याशिवाय या व्हिसावरही तिकडे नर्स म्हणून काम करता येत नाही, त्यामुळे चौकशी तिथूनच सुरू करा.

‘निवडपत्र’ आले तेव्हा माझी रात्रपाळी होती. इन्फ्युजन पंपाचा अलार्म बंद करून मी मोबाइल उघडला, तर आडनावात एक अक्षर चुकलेले आणि पाठवणाऱ्याचा पत्ता साध्या जीमेलचा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा संकेतस्थळावर माझ्या नावाचे खाते उघडल्याचा एकही ईमेल मला कधी आला नव्हता. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीत एक अक्षर चुकले तरी औषध न देणारी मी, त्या पत्राचा स्क्रीनशॉट आईला पाठवून मोकळी झाले! शेवटचा हप्ता मी त्यानंतर, दुसऱ्या दिवशी भरला.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “पैसे तुम्हीच पाठवलेत ना?” तिथून सायबरकडे पाठवले, सायबरने त्या माणसाच्या ऑफिसचा पत्ता ज्या हद्दीत, त्या ठाण्यात जायला सांगितले, तिथले साहेब बंदोबस्तावर होते. चार खेपांनंतर हाती पडला तो तक्रारअर्जाच्या झेरॉक्सवरचा पोच-शिक्का, गुन्हा नव्हे. बँकेने खातेदाराचे नावही सांगितले नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी अकराव्या दिवशी फोन केला, तोवर खाते रिकामे झाले होते; तो फोन पहिल्या तासातच करायचा असतो.

पुढच्या सोडतीआधी मला एकतीस पूर्ण होतील.