२०० चा प्लॅन आणि ९४ चा आकडा: स्पीड टेस्टच्या अ‍ॅपांचा माझा महिनाभराचा रिव्ह्यू

कोल्हापुरात राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आम्ही. रात्री नऊ वाजले की घरात एकच गोंधळ, पोरगं गेम खेळत "पप्पा, पिंग वाढलंय" (पिंग म्हणजे समोरच्या कॉम्प्युटरकडनं उत्तर यायला लागणारा उशीर) म्हणून आतनं ओरडणार आणि तेवढ्यातच हिचा बहिणीशी पुण्याला व्हिडिओ कॉल अडकणार, बहिणीचं तोंड उघडं ते तसंच उघडं. शेवटी इंटरनेटचा १०० एमबीपीएसचा प्लॅन सोडून २०० चा घेतला. पैसे वाढले आणि ऊक्ला कंपनीच्या स्पीडटेस्ट अ‍ॅपवर आकडा आला ९४. सकाळी ९४, दुपारी ९४. कस्टमर केअरला फोन केला तर त्यांचं ठरलेलं उत्तर, सर वायफायवर टेस्ट करू नका, लॅनची वायर लावून करा. लॅन लावली. ९४.

आता आकडा सारखा तेवढ्याच ठिकाणी थांबायला लागला की समजायचं, स्पीड कमी नाहीये, कुठंतरी दार अरुंद आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, उद्यमनगरातल्या एका ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलं, तो मशीनला कंट्रोलर जोडायची कामं करतो. त्यानं वायरचं टोक हातात घेतलं आणि हसला. लॅनच्या वायरीत आत आठ तारा असतात, आमच्या जोडणाऱ्या पोरानं जॅकमध्ये चारच बसवलेल्या, बाकीच्या चार तशाच मागं दुमडून ठेवलेल्या. चार तारांवर १०० पर्यंतच जातं आणि त्यातलं थोडं वरखर्चाला जाऊन टेस्टवर ९४-९५ दिसतं. आठही तारा बसवल्या, जॅक नवीन, आणि त्याच रात्री अकराला १९१. काम दहा मिनिटांचं होतं, तक्रार तीन आठवडे चालली होती. तर ऊक्लाला या कामासाठी पूर्ण मार्क, आकड्यानं खोटं सांगितलं नव्हतं, मलाच वाचता येत नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी रात्री नऊला परत "पप्पा, पिंग". टेस्ट लावली तर १८८. म्हटलं आता काय करायचं, आकडा चांगला आणि कॉल अडकतोय.

इथं खरी गंमत आहे बघा. ऊक्लाची टेस्ट आपोआप जवळचा सर्व्हर, म्हणजे टेस्टसाठीचा समोरचा कॉम्प्युटर, निवडते आणि तो सर्व्हर बऱ्याचदा आपल्याच इंटरनेट कंपनीच्या आत बसलेला असतो. म्हणजे पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच, परीक्षा त्यांच्याच शाळेत. घरापासनं त्यांच्या खोलीपर्यंतचा रस्ता चकाचक आहे हे खरंच आहे, पण पोराचा गेम आणि हिचा कॉल त्या खोलीच्या पुढं जातो ना! सर्व्हर हातानं बदलता येतो, म्हणून मी मुंबईचा दुसऱ्या कंपनीचा निवडला, आकडा ३१. फास्ट डॉट कॉमवर गेलो तर तिथं परत १७० च्या आसपास. ती नेटफ्लिक्सची टेस्ट, २०१६ पासनं आहे, आणि नेटफ्लिक्स सिनेमे साठवलेली आपली पेटी बऱ्याच इंटरनेट कंपन्यांच्या आतच ठेवतं, तेव्हा सिनेमा नीट चालेल का एवढं ती बरोबर सांगते, बाकीचं नाही. साधी आहे, जाहिरात नाही, 'अधिक माहिती'वर दाबलं की लोड असतानाचा आणि नसतानाचा उशीर वेगवेगळा दाखवते, ते लोक बघतच नाहीत.

मला सगळ्यात कामाला आली ती एम-लॅबची. गुगलवर स्पीड टेस्ट म्हणून टाकलं की निळं बटण येतं ना, आत तीच असते. २००९ ला सुरू झालेला प्रकल्प आहे, सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या जाळ्याबाहेर ठेवतात आणि सगळ्यांच्या टेस्टचा डेटा उघडा ठेवतात, त्यात आपला आयपी पत्ताही, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा नंबरही दिसतो, ज्याला नको त्यानं करू नये. ही टेस्ट एकाच धाग्यानं, म्हणजे एका वेळी एकाच जोडणीतनं डाऊनलोड करते म्हणून आकडा थोडा कमी येतो, त्यामुळं एका आकड्यावरनं भांडायला जायचं नाही. मी काय केलं, पोराच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर आठ दिवस लिहिलं. सकाळी सहाला, दुपारी तीनला, रात्री साडेनऊला, तीच वायर, तोच लॅपटॉप, टेस्टच्या वेळी बाकी सगळं बंद. सकाळी १६५, १७२. रात्री २७, २४, ३३. लॅपटॉप सकाळी हुशार आणि रात्री मंद होत नाही.

ती पानं फोटो काढून तक्रारीला जोडली. पहिल्यांदा उत्तर आलं, "आमच्याकडे स्पीड बरोबर दाखवत आहे", अर्थात, त्यांच्याच सर्व्हरवर मोजल्यावर दुसरं काय दाखवणार. मग तक्रार नंबर घेऊन कंपनीच्याच अपिलात गेलो. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरचं सरकारी नियामक, एकेका ग्राहकाची तक्रार हातात घेत नाही, आधी कंपनीचं तक्रार केंद्र आणि मग कंपनीचंच अपील, असा रस्ता आहे. बारा दिवसांनी रात्रीचा आकडा ११० च्या वर गेला. काय केलं ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मोबाईलसाठी ट्रायचंच मायस्पीड अ‍ॅप घ्या. तेही २०१६ चं, फुकट, डाऊनलोड, अपलोड, सिग्नल, उशीर सगळं मोजतं आणि रिझल्ट ट्रायकडं पाठवता येतो, म्हणजे निदान आपला आकडा कुठंतरी मोजला तरी जातो. रविवारी संध्याकाळी रंकाळ्यावर बसून करून बघितलं, भेळेच्या गाड्यांजवळ गर्दीत एक आकडा आणि पाण्याच्या कडेनं शंभर पावलं चाललं की दुसराच, टॉवर तोच. एक लक्षात ठेवा, फाईव्ह-जी जोरात असली की एकच टेस्ट शेकडो एमबी खाते, ज्यांचा रोजचा दीड जीबीचा पॅक आहे त्यांनी गंमत म्हणून चार-चार वेळा दाबत बसू नये, मी बसलो होतो.

आणि हो, ब्रॉडबँड म्हणजे किती, तर सरकारी व्याख्येत २०२३ पर्यंत ५१२ केबीपीएस होतं, आता किमान २ एमबीपीएस. त्यामुळं कागदावर सगळेच पास. ब्रिटनमध्ये ग्राहकाच्या राऊटरला एक छोटा डबा जोडून २००८ ला घराघरांतनं मोजायला सुरुवात झाली, डबा सॅमनोज नावाच्या कंपनीचा, अमेरिकेतही सरकारी अहवालासाठी २०११ पासनं तोच वापरला. घरात कुणी नसलं तरी डबा आपला रात्रंदिवस मोजतोय. असं काहीतरी आमच्या गल्लीत चार घरांत बसलं असतं तर मला पोराची वही भरायला लागली नसती.

मार्क द्यायचे तर एम-लॅबला पाचपैकी साडेचार, मायस्पीडला चार, ऊक्लाला चार पण सर्व्हर बदलून, फास्टला तीन.

खालच्या मजल्यावरचे काका परवा म्हणाले, आमचंपण जरा बघा की, संध्याकाळी वायफाय येतच नाही बेडरूमला. गेलो खाली टेस्ट लावायला लॅपटॉप घेऊन. राऊटर कुठं आहे विचारलं तर काकूंनी लोखंडी कपाट उघडलं, आत साड्यांच्या मागं, कुलूप लावून ठेवलेला, "महागाचं आहे ना ते".