मराठवाड्याचा उन्हाळा आणि प्रदर्शनाचे ससे: कूलरची शेड, माळवद की बीळघर?

जानेवारीच्या प्रदर्शनात ससा उतरवायचा असेल तर हिशेब मे महिन्यापासून धरावा लागतो, आणि तो नरापासून. तापमान काही दिवस सलग ३२ अंशांच्या वर राहिलं की नराचं वीर्य खराब होतं. पुन्हा चांगलं वीर्य तयार व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. तिथे ऊन लागलेला नर जून-जुलैत मादीवर चढतो, पडतो, सगळं ठीक दिसतं. मादी मात्र रिकामीच राहते. दोष मादीला दिला जातो आणि चांगल्या माद्या विकल्या जातात.

आता तारखा मांडून बघा. गाभणकाळ ३१ दिवसांचा. १० जूनला मादी भरवली तर पिल्लं ११ जुलैच्या सुमारास, म्हणजे जानेवारीच्या मध्यात ती सहा महिन्यांची. अमेरिकन मानकांप्रमाणे डचसारखी लहान जात सहा महिन्यांत मोठ्या, म्हणजे प्रौढ सशांच्या गटात जाते. न्यूझीलंड व्हाइट आणि कॅलिफोर्नियनला आठ महिने लागतात, म्हणजे त्यांच्या माद्या एप्रिलमध्येच भरवाव्या लागतात. नर उन्हात वाया गेला तर पहिली खरी गाभ ऑगस्टात धरते आणि जानेवारीत तुमच्या हातात चार महिन्यांचं पिल्लू असतं. म्हणून घर कोणतं निवडायचं हा प्रश्न आधी नराचा आहे, मग माद्यांचा.

पत्र्याची शेड आणि कूलर

बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात, कारण शेड लवकर उभी राहते, स्वच्छ ठेवता येते आणि सगळे ससे डोळ्यांसमोर असतात. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत कूलर चांगलं काम करतो. बाहेर ४२ असताना आत २८ ते ३० मिळतात. पण त्याला तीन गोष्टी लागतात: वीज, पाणी आणि कोरडी हवा. मराठवाड्यात या तिन्हींचा भरवसा नाही.

दुपारी दोन वाजता वीज गेली की नुसत्या पत्र्याखाली तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षाही वर चढतं. शेड करायचीच असेल तर पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा फूटभर जाड थर बांधा, त्यावर पाचट, आणि आगीची काळजी घ्या. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लांब बाजूंवर पडत नाही. १५० अँपिअर-अवरची इन्व्हर्टर बॅटरी मध्यम कूलर पाच-सहा तास चालवते. ती नसेल तर कूलरच्या शेडवर नर सोपवू नका. मध्यम कूलर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो, ते टँकरच्या गावात परवडतं का हे आधी बघा. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर गवताच्या जाळ्या पांढऱ्या पडून बंद होतात. पंधरा दिवसांनी बदलाव्या लागतात.

मृगाचा पाऊस पडला की हवेत ओल येते आणि कूलर गार करण्याऐवजी दमटपणा वाढवतो. केस ओलसर राहतात, नाकं वाहायला लागतात, अंगावर बुरशीचे चट्टे येतात. त्या दिवशी पाणी बंद करून नुसता पंखा चालू ठेवायचा.

माळवदाची खोली

गावात जुना वाडा असेल आणि एखादी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची खोली धान्याशिवाय पडून असेल, तर दुसरं काही बांधायच्या आधी तिथे थर्मामीटर लावून आठवडाभर नोंद करा. कमाल-किमान दाखवणारा घ्या आणि तो भिंतीवर उंच न लावता सशाच्या नाकाच्या उंचीवर टांगा. दीड-दोन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचा थर असेल तर बाहेर ४२ असताना आत ३२ ते ३४ असतात, तेही विजेशिवाय. खिडकीत ओलं गोणपाट लावलं तर आणखी दोन-तीन अंश उतरतात.

माळवदाची अडचण रात्री सुरू होते. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता आत सोडतात. संध्याकाळी सातपासून पहाटे सहापर्यंत दारं-खिडक्या उघड्या हव्यात. त्यामुळे अर्ध्या इंचाची जाळी ठोकल्याशिवाय मांजर, मुंगूस आणि साप यांना आमंत्रणच. सकाळी ऊन चढायच्या आत सगळं बंद.

दुसरी अडचण मुताच्या वासाची. बंद खोलीत अमोनिया साठतो आणि सशाचं नाक, डोळे त्याने पहिल्यांदा बिघडतात. गुडघ्यावर बसून, पिंजऱ्याच्या उंचीवर वास घ्या; तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर फार उशीर झालेला असतो. ट्रे रोज काढा, लाकडाचा भुसा घाला. ओल्या ट्रेवर चुना किंवा राख टाकायची सवय अनेकांना असते; ती मोडा, कारण त्याने अमोनिया उलट जास्त सुटतो. सिंगल सुपर फॉस्फेटची मूठ टाकली तर वास धरून ठेवला जातो आणि ते खत शेतातही चालतं.

पिंजरे एकाच थरात आणि खाली ठेवा, गरम हवा वर साठते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत अडीच बाय दोन फुटांचे आठ-दहा पिंजरे, त्याहून जास्त नाहीत. छतातून माती झडते, तिच्यासाठी खाली जुनी चादर ताणून बांधा. खोली अंधारी असते. माद्या नियमित भरायच्या तर दिवसाला चौदा तास उजेड लागतो, तो साध्या एलईडी बल्बने पुरा होतो.

बीळघर

जमिनीत विटांची दोन बाय अडीच फुटांची कोठी, वर फरशी, फरशीवर फूटभर माती, आणि बाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्याला जोडणारा आठ इंचांचा पाइप (डचला सहा इंच पुरतो). वीज नको, पाणी नको, आणि मादी आपणहून गार जागी जाऊन बसते. स्वस्ताईत याच्या जवळ दुसरं काही येत नाही.

पण जमीन कोणती? काळ्या कापसाच्या जमिनीत हा प्रयोग करू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि विटांची कोठी वाकवते. मुरमाड, उताराची जागा हवी आणि कोठीचं तोंड जमिनीपेक्षा नऊ इंच वर हवं, नाहीतर पहिल्याच वळवात पिल्लं बुडतात. आत हात जात नाही, म्हणून फरशीचा एक तुकडा उचलता येईल असा ठेवा.

प्रदर्शनाच्या सशासाठी मात्र बीळघर आम्हाला पसंत नाही. मुरमाची लालसर धूळ पांढऱ्या केसात बसते आणि मागच्या पायांचे तळवे पिवळट होतात. मातीशी सतत संपर्क आल्याने पिल्लांना कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची हगवण लागते. विणाऱ्या माद्यांना चालेल. स्पर्धेचं पिल्लू सहा आठवड्यांनी आईपासून तोडलं की जाळीच्या पिंजऱ्यात हलवा.

मग कुठे काय?

दोन नर आणि सहा माद्या एवढाच पसारा असेल आणि माळवदाची खोली असेल, तर सगळे तिथेच. खोली लहान असेल तर आधी नर, मग गाभण माद्या, आणि रिकाम्या माद्या तुराट्यांच्या छपराखाली. फक्त शेडच शक्य असेल तर मे महिन्यात वेत घेण्याचा हट्ट सोडा. ३८ अंशांच्या वर पिल्लं घरट्यातून बाहेर सरपटतात आणि पाण्यावाचून मरतात. वेत आलंच तर घरट्याच्या पेटीला जाळीचा तळ द्या आणि मादीने उपटलेल्या केसांपैकी अर्धे काढून ठेवा.

घर कोणतंही असो, पिंजऱ्याला लावलेल्या नळीचं पाणी दुपारी तापतं आणि ससे ते पीत नाहीत. मातीचं जड परळ बरं. खुराक पहाटे आणि रात्री. नरमादी जुळवायची तीही पहाटे, आणि मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची. तोंड उघडून धाप, लाळ आणि तापलेले लाल कान दिसले तर कानांवर साधं पाणी लावा. अख्खा ससा गार पाण्यात बुडवू नका, धक्क्याने मरतो.

जातीचा प्रश्न घराइतकाच महत्त्वाचा. कॅलिफोर्नियनचे काळे कान, नाक आणि पाय हा रंग थंडीवर अवलंबून असतो. गरम खोलीत नवे केस फिके येतात, आणि स्पर्धेत तिथेच गुण जातात. उष्णतेत वाढलेल्या पिल्लांचे कान लांब होतात, त्यामुळे आखूड कानांच्या नेदरलँड ड्वार्फची उन्हाळी पिल्लं मानकाबाहेर जाऊ शकतात. काळा डच तापमानाने बिघडत नाही, पण थेट उन्हात त्याच्या काळ्यावर तांबूस झाक चढते. माळवदात ऊन पोचतच नाही, त्यामुळे तिथे तो सगळ्यात निर्धास्त. न्यूझीलंड व्हाइटला रंगाची भीती नाही, फक्त मुताच्या डागांची. रोज ट्रे साफ करणाऱ्यानेच तो घ्यावा. अंगोरा आणि लायनहेड या लांब केसांच्या जाती मराठवाड्यात एसीशिवाय घेऊ नयेत.