सात पायऱ्यांसाठी उरुळीची रोपवाटिका

आमच्या सासवडच्या घराला सात पायऱ्या आहेत आणि घराचं तोंड पश्चिमेला. सकाळभर पायऱ्यांवर सावली, दुपारी दोननंतर मात्र ऊन थेट अंगावर. एप्रिल-मेमध्ये शहाबादी फरशी इतकी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही. चार वर्षांत मी तिथे तीनदा कुंड्या मांडल्या. गुलाब, शेवंती, एकदा तर हौसेनं नेचेसुद्धा. तिन्ही वेळा मे संपेपर्यंत सगळं करपलं.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस पडून गेल्यावर शिंदवणे घाट उतरून उरुळी कांचनला गेले. पुणे-सोलापूर महामार्गाच्या या पट्ट्यात रोपवाटिकांची रांगच आहे. मी गेले ती महामार्गावरची नव्हे, थोडी आत, शेताच्या कडेची. हिरव्या जाळीखाली रोपं, मागे शेणखताचा ढीग, आणि काम बघणारे साठीचे एक काका.

"पायरीच्या दोन्ही बाजूंना एकेक, अशा चौदा कुंड्या द्या," मी म्हणाले. त्यांनी रोपाला हातच लावला नाही. आधी विचारलं, "ताई, पायऱ्यांचं तोंड कुठं? पाय ठेवायला जागा किती? घरात म्हातारं माणूस आहे का?" मुलाला फोन करून मापं घेतली. उंची सहा इंच, खोली अकरा इंच, लांबी पाच फूट. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, उजवीकडच्या कठड्याला धरूनच चढतात-उतरतात. हे ऐकल्यावर काका म्हणाले, "मग कठड्याची बाजू मोकळी सोडा, ती आजींच्या हाताची. कुंड्या डावीकडेच, आठ इंचाच्या, अगदी भिंतीला टेकवून. सात पुरे."

चौदा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला सात देणारा विक्रेता मी याआधी पाहिला नव्हता. मला बोगनवेल फार आवडते, तीही त्यांनी दिली नाही. चढता-उतरता साडीचा पदर काट्यात अडकतो, म्हणाले. त्याच कारणानं काटेरी युफोर्बियालाही नाही.

खालच्या तीन पायऱ्यांना अडेनियम. त्याला पश्चिमेचं ऊन हवंच असतं आणि पाणी खोडात साठवलेलं असतं. त्याचा चीक मात्र विषारी, म्हणून छाटणी केल्यावर हात धुवायचे आणि लहान मुलं असतील तर ते हाताशी येईल असं ठेवायचं नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. चौथ्या पायरीला चिनी गुलाब, पाचवीला सदाफुली, छपराखालच्या वरच्या दोन पायऱ्यांना स्नेक प्लांट. सगळ्यात खाली, जमिनीवर, सिमेंटच्या दोन जड कुंड्यांत जास्वंद. पायऱ्यांवरच्या कुंड्या मातीच्याच घ्यायला लावल्या, कारण आमच्याकडे पावसाळी वारं जोरात असतं आणि प्लॅस्टिकच्या हलक्या कुंड्या गडगडत खाली येतात. हा अनुभव मला होताच.

माती समोरच कालवून दिली: दोन पाट्या लाल माती, एक शेणखत, एक कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. अडेनियमसाठी निम्मी जाड वाळू. प्रत्येक कुंडीखाली ठेवायला विटेचे तुकडेही दिले. त्यामुळे तळाचं भोक मोकळं राहतं, बशी लागत नाही आणि साचलेल्या पाण्यात डास होत नाहीत. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग फरशीवर पडतातच. ते मी साध्या पाण्यानं आणि ब्रशनं घासते. लिंबू किंवा अॅसिड चुकूनही वापरू नका, शहाबादी हा चुनखडीचाच दगड, त्याची चकाकी जाते.

आता खटकलेल्या गोष्टी. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा तो चौथ्या दिवशी आला, आणि त्यासाठी मला दोनदा फोन करावा लागला. एक जास्वंद लाल डबल पाकळीची म्हणून घेतली, ती फुलल्यावर गुलाबी एकेरी निघाली. नव्या रोपवाटिकेकडून मी इतकं नक्कीच अपेक्षित धरते की पिशवीवर लिहिलं तेच आत असावं. चिनी गुलाबाचा सल्लाही चुकला. हे फूल भर उन्हात उमलतं आणि दुपारनंतर मिटतं. आमच्या पायऱ्यांवर ऊन येतं तेच दुपारी, त्यामुळे दोन महिने कळ्या तशाच राहिल्या. मी ती कुंडी गच्चीवर नेली, तिथे आठवड्यात भरून फुलली. चौथ्या पायरीवर आता दुसरी सदाफुली आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगायला हवी होती. रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. तो गोळा तसाच कुंडीत ठेवला तर वाळून विटेसारखा होतो आणि पाणी बाजूनंच वाहून जातं. आता मी लावण्याआधी गोळा बादलीत दहा मिनिटं बुडवते आणि मुळांना धक्का न लावता बाहेरची माती बोटांनी सैल करते. अडेनियमचं मूळ नाजूक असतं, त्याला फक्त हलक्या हातानं.

खर्च असा: अडेनियम 220 रुपयांना एक, सदाफुली 30 रुपये, मातीची कुंडी 110 रुपये. माती, सिमेंटच्या कुंड्या आणि टेम्पो धरून 4,200 रुपये झाले. एवढ्यात मी आधी दोनदा रोपं मारली होती.

यंदाचा मे सरला. सदाफुलीला रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी, अडेनियमला तिसऱ्या दिवशी. पाच कुंड्यांना फुलं आहेत, एकही झाड गेलं नाही. पाचपैकी चार गुण देते, एक टेम्पोचा आणि जास्वंदीचा कापला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, या खेपेला अबोली आणायची आहे. काल संध्याकाळी सासूबाई कठडा धरून खाली उतरल्या, तिसऱ्या पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही कुंडी दोन बोटं आत सरकव गं, फूल पायाखाली येतंय." सरकवली.