सांगलीतलं करिअर कौन्सेलिंग: ३५०० रुपये आणि ४२ पानं

विश्रामबागला एक करिअर कौन्सेलिंग सेंटर आहे, नाव घेत नाही, सांगलीत कोण कुणाचा पाहुणा निघंल सांगता येत नाही. आमच्या पोरीची बारावी सायन्स झाली आणि तिला ऑटिझमच्या मुलांबरोबर काम करायचंय. कारण घरातच आहे, माझा भाचा, ९ वर्षांचा, बोलत जवळपास नाही, पण ही आली की मिक्सर लावायच्या आधी हिचा हात धरून बाहेर ओढतो, आवाज सहन होत नाही त्याला. हे आधी तिच्याच लक्षात आलं, आम्ही आपले पोरगं हट्टी आहे म्हणत बसलो होतो. तर म्हटलं नेमकं काय शिकायचं ते जाणकाराला विचारू, गेले ३५०० तर गेले.

चांगलं ते आधी सांगतो. दिलेल्या वेळेला आत घेतलं, टेस्ट घेणारी मुलगी शांतपणे समजावून सांगत होती, घाई नाही. दीड तास कॉम्प्युटरवर प्रश्न आणि मग ४२ पानांचा रंगीत रिपोर्ट. त्यात काय, तर तुम्हाला लोकांना मदत करायला आवडतं. हे तिच्या आज्जीनं फुकट सांगितलं असतं ओ.

मग मोठे सर, २० मिनिटं. ऑटिझम शब्द ऐकला की लगेच "सायकॉलॉजीतनं बीए करा, लई स्कोप". पोरीनं विचारलं, बीए झाल्यावर मला थेट मुलांबरोबर थेरपी करता येईल का, तर म्हणाले हो हो, का नाही. तिनं वहीत लिहून घेतलं, मीपण मान हलवली.

खरं काय ते कळलं मिरजेत, भाचा जातो त्या थेरपी सेंटरच्या ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडमकडून, तेपण बाहेर चपला घालता घालता. त्यांनी मार्क विचारलेच नाहीत, म्हणाल्या तुला दिवसभर काय करायला आवडेल ते सांग. मुलाला चित्रं दाखवून, खुणा करून, शब्दांनी मागायला शिकवायचं असेल तर बीएएसएलपी, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या थेरपीची डिग्री, ४ वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. झोका, बटणं लावणं, दात घासणं, आवाजाचा नि कपड्यांच्या लेबलचा त्रास, यात रस असेल तर ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री. शिकवायचं असेल तर स्पेशल एज्युकेशन, बारावीनंतर २ वर्षांचा डिप्लोमा किंवा कुठल्याही पदवीनंतर त्यातलं बीएड. आणि सायकॉलॉजी वाईट नाही, पण नुसत्या बीएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला एमए आणि त्यापुढं आरसीआयच्या मान्यतेचं क्लिनिकलचं शिक्षण लागतं. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद, १९९२ च्या कायद्याची. स्पीचवाले, स्पेशल टीचर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी तिथं होते, ओटीवाल्यांचं राज्याचं कौन्सिल वेगळं. म्हणून फी भरायच्या आधी कोर्सला मान्यता आहे का ते बघायचं, कॉलेजचा बोर्ड किती मोठाय ते नाही.

आता खरी गंमत. बीएएसएलपी आणि ओटी, दोन्हीची ॲडमिशन आपल्याकडं नीटवर होते. पोरीनं नीट दिलीच नव्हती, सीईटी दिलेली. ४२ पानं दोनदा चाळली, ग्राफ आहेत, पाय चार्ट आहे, नीट हा शब्द कुठं नाही, आरसीआय तर लांबच. फोन केला तर म्हणे सर तुमचं सेशन संपलंय, फॉलोअपचे ८०० होतील.

पाचपैकी दोन स्टार, एक त्या टेस्टवाल्या मुलीला आणि एक पार्किंगला. ज्यांना कॉमर्स का सायन्स एवढंच ठरवायचंय त्यांनी जावा खुशाल. पण तुमचा प्रश्न जरा आडवाटेचा असेल तर पैसे भरायच्या आधी फोनवरच विचारा, आरसीआय माहितीय का. समोरचा "कोण?" म्हणाला तर ठेवून द्या.

आमच्यात अजून ठरलेलं नाही, नीटसाठी एक वर्ष थांबायचं का सरळ डिप्लोमा. तिची आई म्हणती वर्ष वाया जाईल, मी गप्प आहे. तोवर पोरगी रोज संध्याकाळी भाच्याबरोबर मिरजेला जाऊन बसते. मॅडमनी पहिला आठवडाभर तिला फक्त खेळणी धुवायला लावली, काल पहिल्यांदा झोका धरायला दिला.